आईचं कॅलेंडर, केबलवाल्याची वही अन् कंपनीचा डॉकेट नंबर

नेट चालू करायला दीड तास लागला होता, बंद करायला ४७ दिवस. गेल्या आठवड्यात एकदाचं ते प्रकरण मिटलं म्हणून हे लिहून राहिलो, नाहीतर माझ्या सेंटरवर दर दोन दिवसांनी कोणीतरी येते अन् विचारते, "भाऊ, कोणतं नेट घ्याव?" आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून तीच कथा सांगून थकलो बाप्पा.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यात. खारपाणपट्टा, काळी माती, उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा. बस स्टँडजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे, म्हणजे सातबारा, पीक विमा, ई-पीक पाहणी, उत्पन्नाचे दाखले, पोरापोरींचे अ‍ॅडमिशनचे फॉर्म, रेल्वेचं तिकीट, जे म्हणाल ते. नेट गेलं की माझं दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि झेरॉक्स मशीन. अन् घरी आई-बाबा, त्यांना लागते टीव्ही. म्हणजे एका घरात दोन वायरी, दोन मालक आणि दोन्हीकडे भांडण.

आधी केबलचं सांगतो कारण ते जुनं आहे.

मी शाळेत होतो तेव्हा काळी वायर खांबावरून कडुलिंबावर, कडुलिंबावरून शेजाऱ्याच्या माडीवर आणि तिथून आमच्या खिडकीतून आत. महिन्याचे शंभर रुपये अन् सगळे चॅनेल. वानरं वायरीला लोंबकळली की चित्र जायचं, कोणीतरी माडीवर चढून वायर हलवली की परत यायचं, आणि शेजाऱ्यानं मधूनच फाटा मारून आपला टीव्ही जोडलेला असायचा हे सगळ्यांना माहीत, केबलवाल्यालाही. मग सरकारचं केबल डिजिटल करायचं आलं, खेडेगावं शेवटच्या म्हणजे चौथ्या टप्प्यात होती, त्याची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ ला संपली आणि डब्ब्याशिवाय टीव्ही बंद झाला. सेट टॉप बॉक्स वगैरे आमच्याकडे कोणी म्हणत नाही, डब्बा. डब्ब्याचे दीड हजार दिले. पावती नाही. तो डब्बा आमचा झाला का त्याचाच राहिला, हे ना त्यानं सांगतलं ना आम्ही विचारलं.

ते कळलं एका जूनमध्ये. मृगाची पहिली वीज कडाडली, टीव्ही वाचला, डब्बा गेला. केबलवाला म्हणाला, "भाऊ, डब्बा तुमचाच आहे ना, तुम्ही पैसे देल्ले ना त्याचे, मंग दुरुस्ती तुमच्याकडे." बरोबर वाटलं, दिले पैसे. पुढच्या वर्षी बाबांनी डीडी फ्री डिशची छत्री बसवायची ठरवली, एकदाच खर्च, महिन्याला काही नाही, तर हाच माणूस म्हणते, "काकाजी, केबल बंद करता त करा, पण डब्बा वापस द्या, डब्बा कंपनीचा आहे." म्हणजे जळला तर आमचा, चालला तर कंपनीचा. बाबा नुसते हसले अन् छत्रीचं राहूनच गेलं, कारण तिच्यावर आईची मालिका नव्हती. खरं म्हणजे डब्बा विकत का भाड्यानं हे कनेक्शन देतानाच सांगायचं आणि फॉर्मची एक कॉपी गिऱ्हाइकाला द्यायची, असा ट्रायचा, म्हणजे फोन-टीव्हीचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. पण ज्या माणसाच्या पोरीच्या लग्नात आपण वाढायला उभे होतो त्याला "फॉर्मची कॉपी दे" कसं म्हणाव?

२०१९ ची फेब्रुवारी आठवते का कोणाला? ट्रायनं नियम आणला की जे चॅनेल पाहता त्याचेच पैसे द्या. बेस, म्हणजे नुसत्या कनेक्शनचे, महिन्याला १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, १५३ रुपये ४० पैसे, त्यात शंभर चॅनेल, आणि पैसे लागणारे चॅनेल पाहिजे असतील तर त्याचे वेगळे. आईला हा नियम लय आवडला. तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर यादी केली, मराठीचे इतके, भक्तीचं एक, बाबांच्या बातम्या, आणि प्रत्येकापुढे भाव लिहिला, खाली बेरीज. दोनशे वीसच्या आसपास आलं. केबलवाला आला, यादी पाहिली, घडी करून खिशात टाकली अन् म्हणाला, "काकू, असं एकएक नाई होत, मशीनमध्ये पॅकच आहे, तीनशेचा घ्या, तुमचे सगळे येते त्याच्यात." झालं. सगळ्या देशाला निवडीचा हक्क मिळाला आणि आमच्या गावात तो एका खिशात गेला. पुढच्या वर्षी त्याच १३० मध्ये दोनशे चॅनेल द्यायचे असं झालं, दुसऱ्या टीव्हीला बेसच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाही असंही आलं, आमच्याकडे तीनशे ते तीनशेच. मग २०२४ च्या जुलैत ट्रायनं बेसवरची मर्यादाच काढून टाकली, आता भाव ऑपरेटरनं ठरवायचा, फक्त तो जाहीर करायचा. ही बातमी मात्र केबलवाल्याला त्याच आठवड्यात समजली! साडेतीनशे झाले.

पण त्याची एक गोष्ट मानतो. त्याच्याजवळ वही आहे, आणि आईजवळ कॅलेंडर. आई कालनिर्णयावर सगळं लिहिते, सिलेंडर कधी लागलं, दूध किती, मजूर बाया किती आल्या, आणि पाच-सहा तारखेच्या चौकोनात "केबल दिले". एकदा तो म्हणाला एप्रिलचे राहिले. आई काही बोलली नाही, खिळ्यावरून कॅलेंडर काढलं, पानं मागं उलटली अन् बोट ठेवलं. ७ एप्रिल, केबल ३००, खाली "सुटे नव्हते, १० घ्यायचे". त्यानं ते वाचलं, वहीत खूण केली, खिशातून दहा रुपये काढून दिले आणि चहा पिऊन गेला. दोन मिनिटांत तक्रार निवारण. हे लक्षात ठेवा, पुढं कामी येते.

आता नेट.

सुरुवातीला मोबाईलचं हॉटस्पॉट. सेंटरच्या खिडकीत एका विशिष्ट जागी फोन ठेवला की रेंज, पंखा फिरला अन् फोन सरकला की गेली. त्याचं रिचार्ज २८ दिवसांचं, म्हणजे वर्षात बारा नाही तेरा वेळा मारायचं, तेरावा महिना कंपनीच्या घरी. २०२२ च्या जानेवारीत ट्रायनं सांगतलं की प्रत्येक कंपनीनं निदान एक तरी ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवलाच पाहिजे. ठेवले. पण दुकानदाराला विचाराल तर तो २८ वालाच सांगते, तुम्ही तोंडानं मागाल तेव्हाच दुसरा निघते.

मग एका बाजाराच्या दिवशी स्टँडवर छत्री लागली. रंगीत छत्री, टेबल, गळ्यात आयकार्ड घातलेला वीस-बावीसचा पोरगा. कंपनीचं नाव घेत नाही, कोणतीही समजा. "दादा, ४९९ मध्ये १०० एमबीपीएस, राउटर फ्री, फिटिंग फ्री, अनलिमिटेड." मी म्हटलं घ्याव. तिथून हिशोब कसा वाढत गेला ते पहा. ४९९ चा प्लॅन महिन्याचा नाही, सहा महिने एकदम भरले तरच. म्हणजे २,९९४. त्यावर जीएसटी, ३,५३२ रुपये ९२ पैसे. मग फिटिंग झाल्यावर, शिडीवरून उतरता उतरता, "दादा, राउटरचं १,५०० डिपॉझिट आहे, पण ते वापस भेटते." फ्री राउटरचं डिपॉझिट! पण वायर तर भिंतीला भोक पाडून आत आली होती, लाइट हिरवा लागला होता, आणि बाहेर चार जण नवीन नेट पाहायला उभे होते. अशा वेळी कोण नाही म्हणते? दिले.

आणि मग तो म्हणाला, "ओटीपी आला असेल, सांगा."

सांगतला. सहा आकडे, जसे कोणी वेळ विचारली तर सांगतो तसे. दिवसभर माझ्या दुकानात मी हेच करतो, लोक फोन पुढे धरतात, काकाजी चष्मा शोधत बसतात, मी म्हणतो "ओटीपी सांगा", ते सांगतात, कशाचा आहे हे शंभरातले दोन विचारतात. त्या दिवशी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो आणि मीही विचारलं नाही. तो ओटीपी म्हणजे माझी सही होती. प्लॅनवर, डिपॉझिटवर, अटींच्या त्या पानांवर जी मला ईमेलनं येणार होती. ती आली नाही कारण पोरानं फॉर्ममध्ये ईमेल आपल्या मनानं टाकला होता, माझं नाव, पुढं एकदोनतीन आणि अ‍ॅट जीमेल. हे मला सहा महिन्यांनी समजलं. त्या दिवसापासून सेंटरवर ओटीपी मागायच्या आधी मी मेसेज मोठ्यानं वाचून दाखवतो, लोक कंटाळतात, कंटाळू द्या.

नेट चांगलं होतं, खोटं कायले बोलू. एक गोष्ट मात्र खूप जण विचारतात, १०० चं नेट आहे तर फाईल १२ नंच काहून उतरते? एमबीपीएसमधला बी म्हणजे बिट, आपण फाईल मोजतो बाइटमध्ये, आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० ला आठनं भागा, साडेबारा. त्यात फसवणूक नाही. अनलिमिटेड शब्दात थोडी आहे, कारण ठरलेल्या डेटानंतर स्पीड उतरवतात, तो आकडा बारीक अक्षरात असते. घरी वापरणाऱ्याला तिथवर पोचायचं कामच पडत नाही, त्यामुळे त्याचं एवढं मनावर घेऊ नका.

मनावर घ्यायचं ते हे. जुलैचा शेवटचा आठवडा, पीक विम्याची गर्दी. खरीप २०२३ पासून दोन वर्षं विमा एक रुपयात होता, तेव्हाची गोष्ट. दुकानाबाहेर रांग, हातात आधार, पासबुक, पेरणीचं घोषणापत्र, आणि स्टँडच्या पलीकडे पाइपलाइनच्या खोदकामात जेसीबीनं फायबर ओढलं. लाल लाइट. टोल फ्रीला फोन केला, मराठीसाठी दोन दाबा, दोन दाबलं, हिंदी लागली. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मिळाला. दुसऱ्या दिवशी मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, अभिप्राय द्या. लाइट लालच! परत फोन, नवीन नंबर, परत मेसेज, परत सोडवली. सहा दिवसांत तीन वेळा माझी तक्रार सोडवली गेली आणि तीनही वेळा मी खिडकीतल्या मोबाईलवर फॉर्म भरत होतो. लोक रात्री अकरापर्यंत बसले. एक म्हातारी तर म्हणे, "राहू दे बावा, पाऊसच नाई त विमा कायचा." तिचा फॉर्म मी घरून भरला.

सहा महिने संपत आले तसा यूपीआयचा मेसेज आला की उद्या तुमच्या खात्यातून ४,९४८ रुपये ९२ पैसे कटतील. हे कुठून आलं? तर पहिलं पेमेंट करताना ऑटोपे (म्हणजे पैसे आपोआप कटायची सोय) चालू झालं होतं, आणि ४९९ चा प्लॅन आता ६९९ झाला होता, गुणिले सहा, अधिक जीएसटी. कटायच्या चोवीस तास आधी असा मेसेज देणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलं आहे म्हणून वाचलो, नाहीतर ती रक्कम म्हणजे माझ्या पुढच्या महिन्याचं दुकानभाडं अन् लाइट बिल. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे म्हणून जागा असते, तिथं जाऊन ते रद्द करता येते, कंपनीला विचारायची गरज नाही. रद्द केलं. सांगतो म्हणून नाही, पण हे वाचणं झाल्यावर एकदा तिथं जाऊन पहाच, काय काय चालू आहे ते.

मग फोन केला, ४९९ चा द्या. "सर, वो प्लॅन आपके एरिया में नहीं है." बरं, मग बंद करा. बंद म्हटल्याबरोबर आवाजच बदलला, फोन दुसऱ्या टेबलावर गेला, तिथल्या बाईनं इतक्या प्रेमानं विचारलं की मला वाटलं घरचीच चौकशी करते आता, आणि जो प्लॅन आमच्या एरियात नव्हता तो दोन मिनिटांत आला, वर एक महिना फ्री. माझंही मन डळमळलं, नाही कशाला म्हणू. म्हटलं ठीक आहे, हे मेसेजवर पाठवा. "हो सर, लगेच येईल." आजपर्यंत आला नाही. म्हणून घासाघीस करायची असेल तर बंद हा शब्द वापरा, पण जो भाव मिळेल तो लिहून आल्याशिवाय एक रुपया भरू नका.

मी बंदच करायचं ठरवलं. ते ४७ दिवस इथं सुरू होतात. खातं बंद करा म्हटलं तर त्यांनी तात्पुरतं स्थगित केलं, डिपॉझिट द्यायचं नाही म्हणून. राउटर द्यायला अमरावतीला या म्हणे. माणूस घेऊन गेला होता माझ्या दुकानातून पैसे, राउटर मी नेऊन देऊ? फॉर्मची कॉपी मागितली तेव्हा तो एकदोनतीनवाला ईमेल सापडला, मग तो बदलायला आधारची कॉपी, आणि दर वेळी नवीन माणूस, सुरुवातीपासून रामायण.

तेव्हा मला आईचं कॅलेंडर आठवलं. मी पण एक जुनं कॅलेंडर घेतलं आणि दुकानात टांगलं. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, डॉकेट नंबर, पलीकडचा काय म्हणाला. बारा-तेरा चौकोन भरले. मग त्याचाच फोटो लावून कंपनीच्या अपिलाच्या अधिकाऱ्याला मेल केला. हे खूप जणांना माहीत नसते, प्रत्येक टेलिकॉम कंपनीत तक्रारीच्या वर अपील अथॉरिटी असते, पत्ता त्यांच्याच वेबसाइटवर, खालच्या कोपऱ्यात. ट्रायकडे धावून उपयोग नाही, ट्राय नियम करते, एकेकाची भांडणं सोडवत नाही. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथंही नोंदवलं, मराठीत बोलले ते. मेलच्या शेवटी मी लिहिलं की यापुढं जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, आणि टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगात चालते हे सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगतलं आहे. बाबा म्हणाले, "दीड हजारासाठी सुप्रीम कोर्ट काढलं तू." काढलं. नवव्या दिवशी उत्तर आलं. डिपॉझिट मंजूर, राउटर न्यायला माणूस येईल.

मधल्या काळात नेट कोणाचं घेतलं? केबलवाल्याचं, अजून कोणाचं. तो आता नेटही देते, मोठ्या कंपनीकडून लाइन घेऊन गावात वाटते, त्याच खांबांवरून, त्याच कडुलिंबावरून. महिन्याचे चारशे, सहा महिन्यांचं बंधन नाही. हिवाळ्यात कुटार भरलेली ट्रॉली गेली की त्याची वायर पण तुटते, पण रात्री नऊला तो स्वतः टॉर्च घेऊन येते, कारण त्याच वायरीवर त्याच्या सासऱ्याच्या घरचं नेट आहे. मी त्याला बिल मागितलं तर त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं, चेहरा उतरला. "बिल पायजे का भाऊ तुमाले? आपल्यात? मंग जीएसटी लागते." लागू दे म्हटलं. चारशेचे चारशे बहात्तर झाले. आई म्हणते बहात्तर रुपये कागदाचे देतो काय रे. देतो. घरच्या टीव्हीचे साडेतीनशे मात्र अजूनही वहीवरच चालतात, तिथं मी पडत नाही, ते आईचं खातं आहे.

तर गेल्या बुधवारी राउटर न्यायला कंपनीचा माणूस आला. हेल्मेट काढलं तर आमच्या केबलवाल्याकडे फायबर जोडायला येते तोच पोरगा. दोघांचंही काम करते म्हणे, इकडून महिन्यावर, तिकडून नगावर. "भाऊ, जुलैमध्ये तुमची लाइन तुटली होती न, मले चौथ्या दिवशी सांगतलं त्यायनं, चवदा गावं हायेत माह्याकडे एकट्याकडे." मी चहा मागवला. राउटर, अ‍ॅडॉप्टर, पिवळी वायर, सगळं त्यानं पिशवीत भरलं. पावती दे म्हटलं तर पावतीबुक नव्हतं, अ‍ॅपमध्ये टिक केली की झालं म्हणे. मी माझ्या टेबलावरची वही पुढं सरकवली. त्यानं तारीख टाकली, राउटरचा नंबर लिहिला, सही केली, फोटो काढू दिला. मग जाता जाता दारात थांबला.

"भाऊ, उत्पन्नाचा दाखला काढायचा होता, किती घेता?"

मी भाव सांगतला अन् म्हटलं बस, आधार दे. ओटीपी आला तसा त्यानं आकडे सांगायला तोंड उघडलं, मी म्हटलं थांब, आधी वर काय लिहिलं ते वाच.